हृदयाचे पंपिंग मोजता, तसे चालणेही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. हार्ट अटॅक कसा ओळखायचा, कोलेस्टेरॉल किती असावे, अँजिओप्लास्टीनंतर काय खावे, हे सगळे त्यात नीट आले आहे. मात्र ज्यांचे हृदय कायमचे अशक्त झाले आहे, त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात आणि आपल्याकडे घरोघरी ‘पंपिंग कमी झालंय’ असे सांगितले जाते, तो हा आजार. मोठ्या अटॅकनंतर तो होतो, वर्षानुवर्षे अंगावर काढलेल्या ब्लडप्रेशरने होतो, लहानपणीच्या सांधेतापाने व्हॉल्व्ह खराब झाले तर होतो, बाळंतपणाच्या आसपासही एखादीला होतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयाच्या पेशंटना चालवणे आणि त्यांना झेपेल तो व्यायाम शिकवणे, हेच माझे नाशिकमधले रोजचे काम. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे, पण जमले तर कापू नका.

माझे म्हणणे एकच आहे. पंपिंग कमी असलेल्या कोणत्याही पेशंटला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय आपण घरी पाठवत नाही. तसेच, त्याला सहा मिनिटांत किती चालता येते हे मोजून केसपेपरवर लिहिल्याशिवायही पाठवू नये.

आमच्याकडे येणारे नातेवाईक फाईल उघडायच्या आधी आकडा सांगतात. ‘मॅडम, वडिलांचं पंपिंग पंचवीस आहे.’ हा आकडा इकोचा. हृदयाचा डावा कप्पा भरला की एका ठोक्यात त्यातले किती रक्त पुढे ढकलतो, त्याची ही टक्केवारी. धडधाकट माणसाचीही ती शंभर नसते, साधारण ५५ ते ७० असते; ४० किंवा त्याखाली गेली की पंपिंग कमी झाले म्हणतात. पंचवीस टक्के म्हणजे पंचाहत्तर टक्के हृदय मेले, अशी समजूत करून घेऊन रडत आलेली घरे मी पाहिली आहेत. तसे नसते. कोणती औषधे द्यायची, ठोके बिघडून जीव जाऊ नये म्हणून छातीत यंत्र बसवायचे का, हे ठरवायला हा आकडा लागतोच. पण माणसात किती ताकद उरली आहे आणि पुढचे वर्ष त्याला कसे जाईल, हे तो एकटा सांगू शकत नाही.

एकाच आठवड्यात माझ्याकडे दोघे आले होते. निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, पन्नाशी ओलांडलेले, पंपिंग ३५. आणि सिडकोतल्या शिवणकाम करणाऱ्या एक बाई, पंपिंग २५. कागद बघितले तर काळजी बाईंची वाटावी. बाई सहा मिनिटांत ४३० मीटर चालल्या, एकदाही न थांबता. बागायतदार दोनदा भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांची सहा मिनिटे २४० मीटरवर संपली. शेवटी खुर्चीत बसले तेव्हा ओठ कोरडे पडले होते आणि दोन शब्द बोलायचे तर मध्ये श्वास घ्यावा लागत होता. बरोबर आलेला मुलगा म्हणाला, ‘पण पंपिंग तर सुधारलंय ना?’ सुधारले होतेच. मात्र रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणि लोहाचा साठा तळाला गेलेला निघाला. ते चालले नसते तर त्या दिवशी रक्त तपासायचे कोणाच्या मनातही आले नसते.

हे असे का होते, याचे उत्तर फार जुने आहे. इकोवरचा आकडा आणि व्यायामाची ताकद यांचा फारसा मेळ बसत नाही, हे १९८१ मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले होते. माणूस चालतो तेव्हा एकटे हृदय चालत नाही. फुप्फुसे, रक्तवाहिन्या किती सैल होतात ते, रक्तातले हिमोग्लोबिन, मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू, ठोक्यांची लय, मनातली भीती, सगळे मिळून ती सहा मिनिटे ठरवतात. हृदय अशक्त झाले की हळूहळू स्नायूही वाळतात. इको काढला जातो माणूस निजलेला असताना. आयुष्य काही निजून जायचे नसते.

आता कोणी म्हणेल, मग पेशंटला विचारले की झाले, दम लागतो का म्हणून. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये याच प्रश्नावर चार वर्ग पाडले आणि जगभर आजही तेच वापरतात. पण हा प्रश्न फसवा आहे. पंचवटीतल्या एका आजींना मी विचारले तेव्हा त्या ठामपणे म्हणाल्या, ‘छे गं, मला कुठे दम लागतो?’ त्या खोटे बोलत नव्हत्या. काळारामाला जाणे त्यांनी पावसाळ्यापासून बंद केले होते. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून भाजी आणायचे काम नातीकडे गेले होते. अंघोळीचे पाणी सूनबाई बादलीत काढून ठेवत होत्या, आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर जाणे तर कधीच सुटले होते. दम लागेल असे एकेक काम त्यांनी गुपचूप सोडून दिले होते, म्हणून दम लागत नव्हता. आपल्या बायका हे फार करतात. पुरुषही करतात, पण त्यांचे लवकर लक्षात येते, कारण ते चौकात दिसेनासे होतात. आजी दीडशे मीटरच्या पुढे गेल्या नाहीत. सूनबाईंना तिथेच धक्का बसला, कारण घरात सगळे म्हणत होते की आजी आता बऱ्या आहेत.

या तपासणीला काय लागते ते सांगते. तीस मीटरचा सपाट, न घसरणारा कॉरिडॉर. दोन टोकांना दोन शंकू, ट्रॅफिकवाले ठेवतात तसे. जमिनीवर दर तीन मीटरला रंगीत चिकटपट्टीची खूण. एक खुर्ची, घड्याळ, बीपीचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. पेशंट आधी दहा मिनिटे खुर्चीत स्वस्थ बसतो. मग त्याला सांगायचे, सहा मिनिटांत जमेल तेवढे चाला, पळू नका, दमलात तर थांबा, उभे राहा, वाटल्यास टेका, पण बरे वाटताच पुन्हा चालू लागा. चालवणाऱ्याने त्याच्या बरोबरीने चालायचे नाही, कारण मग आपल्या चालीने तो ओढला जातो. दर मिनिटाला ठरलेलेच बोलायचे: ‘छान चालताय, अजून पाच मिनिटं आहेत.’ ‘असंच चालू ठेवा, आता चार मिनिटं.’ त्यापलीकडे ‘चला चला, भराभर’ असे काही नाही; प्रोत्साहनाचे शब्द बदलले तरी अंतर बदलते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये हे सगळे बारकावे लिहून ठेवले आहेत. सहा मिनिटे झाली की तिथेच थांबायचे, अंतर मोजायचे, नाडी आणि ऑक्सिजन पाहायचा, आणि किती दम लागला याला पेशंटनेच शून्य ते दहापैकी गुण द्यायचे.

पूर्वी फुप्फुसाच्या पेशंटना बारा मिनिटे चालवत असत. ते फारच दमवणारे होते, म्हणून १९८२ मध्ये सहा मिनिटांवर आणले आणि १९८५ मध्ये कॅनडातल्या डॉ. गॉर्डन गयाट यांनी हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये ते वापरून दाखवले. तरी अनेकांना वाटायचे, ही काय तपासणी, हे तर फिरणे झाले. त्याला उत्तर १९९३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आले. अशक्त हृदयाच्या ८३३ पेशंटना चालवून, पुढे सरासरी २४२ दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवले होते. जे ३०० मीटरही चालू शकले नव्हते त्यांच्यातले सुमारे १० टक्के त्या काळात दगावले; जे ४५० मीटर किंवा जास्त चालले होते त्यांच्यातले सुमारे ३ टक्के. हार्ट फेल्युअर वाढून भरती व्हावे लागण्यात तर याहून मोठा फरक पडला: एका गटात २२ टक्के, दुसऱ्यात २. औषधे तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहेत, त्यामुळे तेच आकडे आज जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण कमी चालणाऱ्याला जास्त जपावे लागते, हे अजूनही तितकेच खरे आहे.

मोठ्या केंद्रांत याच्या पुढची तपासणी होते. तोंडावर मास्क, सायकल किंवा चालता पट्टा, हळूहळू वाढत जाणारा भार. आणि प्रत्येक श्वासात किती ऑक्सिजन आत गेला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला याचे मोजमाप. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, हे दर किलो वजनामागे दर मिनिटाला मिलिलिटरमध्ये कळते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण साडेतीन वापरतो. अशक्त हृदयाचा पेशंट सगळा जोर लावून २० च्या वर गेला तर बरे म्हणायचे, १० च्या आत अडकला तर परिस्थिती गंभीर. डॉ. डोना मॅन्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हृदय प्रत्यारोपणासाठी आलेल्या ११४ पेशंटची अशी तपासणी केली. दान मिळालेली हृदये तेव्हाही कमी आणि मागणारे जास्त. कोण थांबू शकतो आणि कोण नाही, हे ठरवायचे कसे? ज्यांचा आकडा १४ च्या वर होता त्यांना थांबायला सांगितले, आणि त्यांच्यातले ९४ टक्के वर्षानंतर हयात होते. ज्यांचा १४ किंवा कमी होता, पण दुसऱ्या काही कारणाने प्रत्यारोपण शक्य नव्हते, त्यांच्यातले वर्षानंतर ४७ टक्केच उरले. पुढे नाडी मंद करून हृदयावरचा ताण हलका करणारी बीटा ब्लॉकर औषधे आली, लोक जास्त जगू लागले, आणि ती औषधे घेणाऱ्यांसाठी ही रेषा १२ वर आली. याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसते: कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला माणसाला किती हवा ओढावी लागते. हे गुणोत्तर ३५ च्या वर गेले तर तेही वाईट लक्षण, आणि त्यासाठी पेशंटने अगदी शेवटपर्यंत जोर लावलाच पाहिजे असेही नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मी रोज ऐकते. ‘आमची टीएमटी झालीय, निगेटिव्ह आली.’ पट्ट्यावरची ती तपासणी मुख्यतः हृदयाच्या धमन्यांत ब्लॉकेजची शक्यता आहे का ते पाहण्यासाठी करतात. त्यात डॉक्टरांचे लक्ष कार्डिओग्रामच्या रेषांवर असते. पंपिंग कमी असलेल्या कितीतरी जणांचा कार्डिओग्राम मुळातच बदललेला असतो, आणि बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी ठरलेल्या आकड्यापर्यंत चढतच नाही. त्यामुळे निगेटिव्ह शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये आणि आपली ताकद मोजून झाली असेही समजू नये. ज्यांची टीएमटी झाली आहे त्यांनी रिपोर्टमध्ये आपण किती मिनिटे आणि किती मेट्सपर्यंत, म्हणजे स्वस्थ बसलेले असतानाच्या किती पट ऑक्सिजन वापरण्यापर्यंत, गेलो ते पाहावे. ती माहिती तिथे छापलेली असते, पण पहिली ओळ वाचून फाईल बंद होते.

‘हे सगळं कळून करायचं काय? माणसाला आणखी घाबरवायचं?’ असे एका पेशंटच्या भावाने मला रागाने विचारले होते. राग रास्त होता. आपल्या देशातले आकडे घाबरवणारेच आहेत. तिरुवनंतपुरमच्या हार्ट फेल्युअर नोंदणीत भरती झालेल्या १,२०५ पेशंटची नोंद झाली, त्यांचे सरासरी वय ६१ च्या आसपास होते, आणि पाच वर्षांत त्यांच्यातले ५९ टक्के गेले. पाश्चात्त्य देशांत हा आजार सत्तरीनंतरचा मानतात. आपल्याकडे घर चालवणाऱ्या माणसालाच तो गाठतो. पण चालण्याचे अंतर म्हणजे कुंडली नव्हे. शंभर जणांच्या गटात काय घडते ते त्यातून कळते, समोरच्या एका माणसाची तारीख कळत नाही. मुख्य म्हणजे हा आकडा बदलता येतो. अंतर कमी आले की शोध सुरू करायचा: औषधे पूर्ण डोसपर्यंत नेली आहेत का, मीठ-पाणी बिघडले आहे का, नाडी अनियमित झाली आहे का, थायरॉइड आणि मूत्रपिंड कसे आहेत, लोह कमी आहे का. हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता शिरेतून भरून काढली तर पेशंट जास्त अंतर चालतात, हे २००९ मध्ये मोठ्या चाचणीत दिसले. आमच्या निफाडच्या बागायतदारांनाही तेच मिळाले. काही महिन्यांनी ते ३४० मीटर चालले, आणि या खेपेला भिंतीची गरज पडली नाही. अंतर तीसेक मीटरने वाढले तरी पेशंटला स्वतःला फरक जाणवतो. त्यांना तर शंभराचा जाणवला.

इतके करूनही अंतर घटतच गेले, तर मोठ्या केंद्राकडे पाठवायची वेळ झाली असे समजावे. आपल्याकडे ती चिठ्ठी फार उशिरा लिहिली जाते. पायांवर सूज, पोटात पाणी, किडनी बसलेली, अशा अवस्थेत मुंबई-पुण्याला नेलेल्या माणसासाठी तिथलेही डॉक्टर फारसे काही करू शकत नाहीत.

नातेवाइकांना आणखी एक विनंती. पंपिंग कमी म्हटले की घरचे लोक माणसाला खाटेवर बसवून ठेवतात. ‘आता तू काही करू नकोस’ हे प्रेमापोटीच म्हटले जाते, आणि एके काळी डॉक्टरही हेच सांगत. आज तसे नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएफ-अ‍ॅक्शन या अभ्यासात २,३३१ पेशंट होते. आजार स्थिर असलेल्या माणसाने देखरेखीखाली नियमित व्यायाम करणे सुरक्षित आहे आणि त्याने जगणे थोडे सुसह्य होते, हे त्यातून दिसले. मरण टळण्यातला फायदा माफक होता, तो फुगवून मी सांगणार नाही. पण जी आजी पुन्हा स्वतःच्या पायांनी देवळात गेली, तिला त्याची किंमत विचारा.

पत्र वाचून कोणी उद्या पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर घड्याळ लावून वडिलांना चालवायला नेऊ नये. गेल्या महिनाभरात अटॅक आला असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल तर ही तपासणी करायचीच नसते. बसलेले असताना नाडी १२० च्या वर असेल, वरचे बीपी १८० च्या किंवा खालचे १०० च्या वर असेल, तर आधी डॉक्टरांनी पाहायला हवे. चालताना छातीत दुखले, तोल गेला, घाम फुटून चेहरा पांढरा पडला, की तत्काळ थांबवायचे. म्हणून ही तपासणी दवाखान्यातच व्हावी, जवळ ऑक्सिजन आणि डॉक्टर असताना.

आणि दवाखान्यात ती सहज होऊ शकते, म्हणूनच हा खटाटोप. नाशिकमध्ये कॅथलॅब वाढल्या, रात्री-अपरात्री अँजिओप्लास्टी होते, त्याचा मला अभिमान आहे. पण त्यातून वाचलेला माणूस तीन महिन्यांनी ओपीडीत येतो तेव्हा त्याला पाच मिनिटांत तपासून गोळ्या ‘कंटिन्यू’ लिहिल्या जातात. डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेर शंभर लोकांची रांग असते. चालवण्याचे काम डॉक्टरांनी करायचेच नाही. शिकवलेली सिस्टर, टेक्निशियन, फिजिओथेरपीचा इंटर्न, कोणीही करू शकते. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्या दारात आहे; फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपमध्ये हृदयाच्या ओपीडीत हे काम ठरवून द्यावे, अशी माझी विद्यापीठाला विनंती आहे. कॉरिडॉरमध्ये जागा नसते, स्ट्रेचर आणि नातेवाइकांच्या पथाऱ्या असतात, हे मला माहीत आहे. ओपीडी संपल्यावर दुपारी दोनच्या पुढे जागा मिळते. डिस्चार्ज कार्डवर ‘इको’च्या खाली एक रकाना वाढवावा: सहा मिनिटांत किती मीटर, मध्ये किती वेळा थांबले. पुढच्या भेटीत त्याच्या शेजारी नवा आकडा लिहावा. जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे दवाखाने, खासगी हॉस्पिटले, सर्वांना हे जमण्यासारखे आहे.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतो आहे, त्यामुळे हे लवकर व्हावे असे वाटते. २०१५ ला गाड्या शहराबाहेर थांबवल्या होत्या आणि लोक तिथून रामकुंडापर्यंत किलोमीटरच्या किलोमीटर चालत आले होते. तेव्हाही प्रत्येक नाशिककराच्या घरी पाहुणे येतील, आणि पंपिंग कमी असलेले आजोबा त्यांच्याबरोबर स्नानाला निघतील. ‘जाऊ का?’ असे ते आत्तापासून विचारतात. ज्यांचे चालणे मोजलेले आहे त्यांना मी नेमके सांगू शकते: तुम्ही पर्वणी सोडून एखाद्या साध्या दिवशी जा, तुम्ही जा पण मध्ये बसत बसत, तुम्ही या वेळी घरीच गंगेचे पाणी अंगावर घ्या. ज्यांचे मोजलेले नाही, त्यांना सांगायला माझ्याजवळ फक्त अंदाज असतो.

ज्या दवाखान्याला आपल्या कॉरिडॉरमध्ये तीस मीटरची आखणी करून हवी असेल, त्यांनी या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत मला कळवावे. कोणत्याही रविवारी मी येईन. मोजायची टेप, चिकटपट्टी आणि शंकू माझे. तिथल्या सिस्टरना दोन-चार पेशंट चालवून दाखवीन आणि नोंदीचा छापील कागद देऊन जाईन. त्याचे काही शुल्क नाही.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट,
इंदिरानगर, नाशिक